पलीकडच्या खोलीत टिटवी

आमच्या हॉस्पिटलात त्या मशीनला कुणी स्कॅनर म्हणत नाही, टिटवी म्हणतात. ते यंत्र पेशंटच्या मनगटावरच्या पट्टीवर धरायचं, लाल उजेड पडतो आणि टिव असा आवाज येतो. मग औषधाच्या पाकिटावर धरायचं, पुन्हा टिव. माणूस आणि औषध जुळलं तर ट्रॉलीवरची स्क्रीन हिरवी होते, नाही जुळलं तर लाल. हिरवी झाली की औषध द्यायचं, एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी आम्हाला सभागृहात बसवून शिकवलं, चहा पाजला आणि कोट घातलेल्या एका माणसाने सांगितलं की आता तुमच्या हातून चूक होणारच नाही. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "मग आम्हाला कशाला ठेवलंय?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

मला ती टिटवी पहिल्यापासून आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. कानामागून आली आणि तिखट झाली. पट्टी भिजली की ती वाचत नाही, पट्टीला सुरकुती पडली की वाचत नाही, झोपलेल्या पेशंटचा हात अंगाखाली असला की त्याला उठवून शिव्या आपण खायच्या. वायर तर इतकी आखूड की दोन खाटांच्या मध्ये ट्रॉली घुसवल्याशिवाय हातापर्यंत पोचतच नाही. सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि टिटवीची वायरीपर्यंत, असं आम्ही म्हणायचो.

मग वॉर्डांनी आपापला उपाय काढला. मी लहान मुलांच्या वॉर्डात असते, आम्हीही काढला. मनगटाच्या पट्ट्या छापताना प्रत्येक पेशंटची एक जास्तीची छापायची, त्या सगळ्या एका पुठ्ठ्यावर खाटेच्या क्रमाने चिकटवायच्या आणि पुठ्ठा ट्रॉलीच्या कडेला अडकवून ठेवायचा. औषधांच्या खोलीत आरामात उभं राहून पुठ्ठ्यावर टिव, पाकिटावर टिव, स्क्रीन हिरवी. पेशंटपर्यंत जायच्या आधीच सगळं उरकलेलं. वरच्या लोकांसमोर पुठ्ठ्याचं नाव कुणी काढत नसे. सासूबद्दल माहेरी बोलावं तसं आम्ही त्याबद्दल आपसातच बोलायचो.

एका वॉर्डात मात्र पुठ्ठा नसणार, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती. तो बायकांचा वॉर्ड, मेजरचा. मेजर म्हणजे तिथल्या इन्चार्ज सिस्टर. बुटक्या, खणखणीत आवाजाच्या, आणि चादरीला सुरकुती दिसली तर डॉक्टरांनाही ऐकवणाऱ्या. मी नवीन होते तेव्हा त्यांच्याच हाताखाली शिकले. त्यांचा पहिला धडा असा होता: नाव विचारल्याशिवाय सुई उचलायची नाही, आणि नाव आपण बोलायचं नाही, पेशंटने बोलायचं. एकदा मी विसरले तर त्यांनी मला दिवसभर ट्रे पुसायला बसवलं होतं. टिटवी आल्यावर प्रत्येक वॉर्डात किती औषधं स्कॅन करून दिली जातात त्याचा तक्ता जिन्याजवळ लागायचा. मेजरचा वॉर्ड कायम वर, शंभरातली शंभर. आम्ही तक्ता बघून म्हणायचो, त्यांनाच जमतं बाई.

म्हणून मावशीला त्याच वॉर्डात घेतलं तेव्हा मला केवढं बरं वाटलं होतं.

माय मरो पण मावशी उरो, असं म्हणतात. माझ्या बाबतीत ते खरोखरच तसं झालं. आई गेली तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. मावशीने लग्न केलं नाही, मला वाढवलं, आणि मी नर्स झाले त्या दिवशी सगळ्या गल्लीला सांगत फिरली की आता मी मरणारच नाही, घरातच डॉक्टर आहे. डॉक्टर नाही गं, नर्स, असं मी म्हणाले तर म्हणाली, तेच ते. तिच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती. पाय सुजून टणक झालेला. ती गुठळी सुटून वर छातीकडे गेली तर काय होतं ते मला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं आणि मी सांगितलंही नव्हतं. गुठळी वाढू नये म्हणून रक्त पातळ करायचं इंजेक्शन रोज दुपारी पोटात द्यायचं होतं. मेजर सुट्टीवर होत्या, पण पहिल्याच दिवशी त्यांनी मला फोनवर बजावलं, "तू तिथं फक्त नातेवाईक. औषधाला हात लावायचा नाही. आपल्या माणसाला सुई टोचताना हात कापतो."

मी रजा टाकली आणि स्टुलावर बसले. नर्स नातेवाईक झाली की तिच्याइतकं भित्रं कुणी नसतं. बाकीच्यांना फक्त आजाराची भीती असते. आम्हाला आजाराची असतेच, शिवाय सलाईनच्या नळीतल्या बुडबुड्याची, खोलीत येणाऱ्या प्रत्येकाच्या न धुतलेल्या हातांची, घाईची, आणि ड्यूटी बदलायच्या वेळी अर्धवट राहिलेल्या वाक्यांचीही असते. मी मावशीचा पाय बघायची, ओठ बघायची, श्वास मोजायची. तिने डोळे मिटले की मी तिच्या नाकाशी बोट धरायची.

खोली दोनच खाटांची होती. एक दाराजवळ, एक खिडकीखाली. मावशी दाराजवळ होती. खिडकीखाली एक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई होत्या. सगळा वॉर्ड त्यांना बाईच म्हणायचा, कारण त्या सगळ्या वॉर्डाला शिकवायच्या. त्यांच्या पोटातल्या व्रणातून रक्त गेलं होतं. ते नुकतंच थांबलं होतं आणि पुन्हा सुरू होऊ नये म्हणून त्यांना ठेवून घेतलं होतं. साखरेचा आजारही होता, त्यामुळे जेवणाआधी इन्सुलिन. त्यांना भेटायला कुणी येत नसे. एक भाचा होता, तो लांब होता. त्यांच्याजवळ एक जाडजूड पुस्तक होतं आणि एक चष्मा होता जो त्या दिवसातून अनेकदा हरवायच्या. बहुतेक वेळा तो त्यांच्या कपाळावरच असायचा.

"तुमची ही भाची माझ्या वर्गात असती तर मी तिला मागच्या बाकावर बसवलं असतं," त्या मावशीला म्हणाल्या. "सारखी तुमच्याकडे बघत बसते. अभ्यास कधी करणार?"

मावशी हसली. दाखल झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मी बाईंवर त्याच क्षणी खूश झाले.

पण दाराजवळ मावशीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दार सारखं उघडायचं, बाहेरून स्ट्रेचर खडखडत जायचं, आणि दर वेळी ती दचकून माझा हात धरायची. "कुणाला नेलं?" "आता कुणाला नेलं?" खाणंही सुटलं होतं. त्या सकाळी घोटभर दुधापलीकडे तिने काही घेतलं नव्हतं. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुम्ही या इकडे, खिडकीत. बाहेर झाड आहे, आभाळ आहे. मला काय, मी पुस्तकात डोकं घालून बसते, मला स्ट्रेचर गेलेलं कळतही नाही."

"अहो, पण तुमची जागा..." मावशी म्हणाली.

"जागा काय, शाळेत दर वर्षी बदलायची."

मेजर तेव्हा वॉर्डात नव्हत्या. सुट्टीवरून त्याच सकाळी परत आल्या होत्या, रात्रीच्या सिस्टरकडून घाईघाईत ताबा घेऊन, पेशंटना न बघताच, लगेच वर मीटिंगला गेल्या होत्या. शंभरातली शंभर औषधं स्कॅन करणाऱ्या वॉर्डाचं कौतुक होणार होतं. मी वॉर्डातल्या मदतनीस बाईला हाताशी घेतलं आणि दोघींची अदलाबदल केली. मावशीला खिडकीत, बाईंना दाराजवळ. दोघींच्या फायली, दोघींचे पेले, सगळं हलवलं. मनात शंका आली नाही असं नाही. पण मी म्हटलं, पट्टी हाताला आहे ना, मग खाट कुठली का असेना. टिटवी खाट बघत नाही, मनगट बघते. त्यासाठीच तर आणलीय. आणि वॉर्ड मेजरचा. त्या आल्या की सांगून टाकू.

जन्मात पहिल्यांदा मी त्या टिटवीवर विश्वास टाकला, आणि तोही नेमका त्या दिवशी.

खिडकीत आल्यावर मावशी खरंच सैल झाली. झाडावर काहीतरी हललं तर मला दाखवायला लागली. बाई थोडा वेळ वाचत होत्या, मग चष्मा काढून लॉकरवर ठेवला, भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडल्या. खोलीत शांत झालं. व्हरांड्यातून मेजरच्या चपलांचा आवाज आला, झपझप, नेहमीपेक्षा घाईचा. मीटिंग लांबली असणार आणि दुपारची इंजेक्शनं खोळंबली असणार. आवाज आमच्या दारावरून सरळ पुढे गेला आणि समोरच्या औषधांच्या खोलीत शिरला. मी मनात म्हटलं, आता ट्रॉली घेऊन येतील, तेव्हा सांगू.

आणि मग पलीकडच्या खोलीत टिटवी वाजली.

टिव. टिव. थोडं थांबून पुन्हा, टिव. टिव.

तुम्हाला तो आवाज सारखाच वाटेल, मला नाही वाटत. आधी मनगट, मग औषध. मनगटं इथं होती, या खोलीत. एक माझ्या हातात होतं. मग तिथं, औषधांच्या खोलीत, मेजर कुणाच्या मनगटावर टिटवी धरत होत्या?

नाही, मी स्वतःला म्हटलं. साठ्यातली पाकिटं मोजत असतील. वायर नीट चालते का बघत असतील. मेजर पुठ्ठा ठेवतील? त्या? चोराच्या मनात चांदणं, तसं झालंय माझं. आमच्या वॉर्डात पुठ्ठा आहे म्हणून मला सगळीकडे पुठ्ठाच दिसतोय.

टिव. टिव.

"काय गं, काय झालं?" मावशीने विचारलं. "हात का असा गार लागतोय?"

"काही नाही," मी म्हणाले आणि उठले. दारापर्यंत गेले. समोरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मेजरची पाठ दिसत होती, ट्रॉली दिसत होती आणि ट्रॉलीच्या कडेला दोऱ्याने अडकवलेला पुठ्ठा दिसत होता. आमच्यापेक्षा नीटनेटका, कडा चिकटपट्टीने बांधलेला. त्याच्यावर पट्ट्या ओळीने, आणि प्रत्येक पट्टीशेजारी मेजरच्या टपोऱ्या अक्षरात खाटेची खूण.

तेव्हाच मला बोलायला हवं होतं. तोंडात वाक्य तयार होतं: मेजर, खाटा बदलल्यात. तीन शब्दांचं वाक्य. पण ते म्हणायचं म्हणजे, मी पुठ्ठा बघितला, हे म्हणायचं. ज्यांनी मला नाव विचारायला शिकवलं त्यांना, कौतुकाच्या मीटिंगमधून आल्या आल्या, मी हे कसं सांगणार होते? आणि मी कोण सांगणारी, माझ्याच ट्रॉलीला पुठ्ठा लटकतोय. मी तिथं उभी राहून शब्द जुळवत होते, कसं बोललं तर त्यांना लागणार नाही याचा विचार करत होते. तोवर त्या वळल्या. दोन्ही हातांत एकेक ट्रे.

"तू काय दारात? सर, सर," त्या म्हणाल्या. "नातेवाईकाने स्टुलावर बसावं. आधीच उशीर झालाय."

आणि मी जाऊन स्टुलावर बसले. इतक्या वर्षांची सवय, मेजरनी बस म्हटलं की बसायचं. बसल्यावर मी मावशीचा हात धरला आणि मला एकच विचार सुचत होता, की त्या इकडे येतील तेव्हा मी ट्रेमध्ये काय आहे ते बघेन. माझ्या डोळ्यांदेखत काही चुकीचं होणार नाही. मी इथंच आहे.

त्यांनी दाराजवळच्या खाटेचा पडदा ओढला. "पोट दाखवा बघू," असा आवाज आला. पूर्वीच्या मेजरनी आधी नाव विचारलं असतं. आता नाव विचारायचं काम टिटवीचं होतं, आणि टिटवीचं काम पुठ्ठ्याचं. बाई झोपेत काहीतरी पुटपुटल्या. मी त्या आवाजाकडे लक्ष दिलं नाही. खरं सांगते, अजिबात नाही. मी मावशीची पट्टी बोटांत फिरवत होते, तिच्यावरच्या काळ्या रेघा बघत होते आणि वाट बघत होते, आमच्या पाळीची.

पडदा सरकला. मेजर खिडकीकडे आल्या. दुसरा ट्रे लॉकरवर ठेवला. त्यात कापसाचा बोळा आणि नारिंगी टोपणाची बारीक सिरिंज होती.

नारिंगी टोपण इन्सुलिनच्या सिरिंजला असतं.

मेजरनी मावशीची चादर खाली केली. मी पुढे वाकले आणि माझा पंजा मावशीच्या पोटावर पसरून ठेवला.

"हे काय करतेस?" मेजर म्हणाल्या.

"हे कुणाचं आहे?"

"खिडकीचं."

"खिडकीत मावशी आहे," मी म्हणाले. "सकाळी बदलल्या. मी बदलल्या. तुम्ही वर होतात."

मेजरनी मावशीचं मनगट उचललं आणि पट्टी वाचली. टिटवीने नाही, डोळ्यांनी, ओठ हलवत वाचली. सिरिंज त्यांनी ट्रेमध्ये ठेवली. मला एकदम रडू आलं. उपाशी मावशीला ते इन्सुलिन गेलं असतं तर ती झोपल्यासारखी पडली असती, आणि मीही म्हटलं असतं, बरं झालं, झोप लागली. वाचली, एवढंच मला वाटत होतं. माझी मावशी वाचली. मी तिच्या पोटावरून हात काढायलाही तयार नव्हते.

मेजर मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या.

तेव्हा कुठे मला कळलं. इथं बाईंचं इन्सुलिन आलं होतं, तर मावशीचं कुठं गेलं? रक्त पातळ करायचं इंजेक्शन, ज्यांच्या पोटातून रक्त जायचं नुकतंच थांबलं होतं त्यांना. टोचूनही झालं होतं, माझ्यापासून चार हातांवर, मी खोलीत असताना.

बाईंनी कूस बदलली, लॉकरवर चाचपून चष्मा डोळ्यांवर चढवला. "आज दुखलं नाही हो सिस्टर," त्या म्हणाल्या. "तुमचा हात हलका आहे."



मेजरनी बोलावलेले ड्यूटीवरचे डॉक्टर आले ते आधी दारात आणून ठेवलेल्या ट्रॉलीच्या स्क्रीनपाशी गेले. तरुण होते, घाईत होते आणि मशीनवर भिस्त असलेले होते. त्यांनी बोटाने वर-खाली करून पाहिलं. सगळं हिरवं. बाईंच्या नावासमोर इन्सुलिन दिल्याची खूण, मावशीच्या नावासमोर तिच्या इंजेक्शनची खूण, दोन्ही अगदी चोख.

"इथं तर सगळं बरोबर दिसतंय," ते म्हणाले. "मग मला कशाला बोलावलं?"

मी मेजरकडे बघितलं. त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला ती पूर्ण हिरवी स्क्रीन होती. त्या गप्प राहिल्या असत्या तर जगातल्या कुठल्याही मशीनने त्यांना खोटं ठरवलं नसतं. मला भीती वाटली की त्या गप्प राहतील. आणि त्याहून मोठी भीती ही, की त्या गप्प राहिल्या तर मीही राहीन. माझं माणूस तर वाचलं होतं. आमच्या वॉर्डातला पुठ्ठाही वाचला असता.

"स्क्रीनला मी जे सांगितलं तेच ती सांगतेय," मेजर म्हणाल्या. "सुई मी टोचलीय. बाईंना रक्त पातळ करायचं गेलंय, पूर्ण. इन्सुलिन इथं ट्रेमध्ये आहे." मग त्यांनी ट्रॉलीचा दोरा तोडून पुठ्ठा डॉक्टरांच्या हातात दिला. "कसं झालं ते यावर आहे. ते नंतर बघा. आधी उताऱ्याचं सांगा."

त्या औषधाला उतारा असतो, पण तो पुरता लागू पडतोच असं नाही. मला ते माहीत होतं, मेजरना माहीत होतं, आणि डॉक्टरांचा चेहरा पाहून बाईंनाही कळलं असावं. मेजर त्यांच्या उशाशी बसल्या आणि त्यांना सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, एकही शब्द न गाळता. बाईंनी ऐकून घेतलं. उशाशी उघडं पडलेलं पुस्तक मिटलं, खूण घातली.

"मग आता काय होईल?" त्यांनी विचारलं.

"कदाचित काहीच होणार नाही."

"आणि झालं तर?"

"मी इथंच आहे," मेजर म्हणाल्या.

उतारा द्यायला मेजरनी ट्रॉली दोन खाटांच्या मध्ये घातली. ती मावेना, तर लॉकर ओढून बाजूला केला, स्टूल बाहेर फेकलं. टिटवी बाईंच्या मनगटाला लावली. टिव. मावशी दचकली. मीही दचकले. मग आम्ही नुसत्या वाट बघत बसलो. मेजर नाडी बघत होत्या. मी मावशीजवळ बसले होते, पण कान सगळे पडद्यापलीकडे. बाई मधूनच काहीतरी बोलायच्या, मग बोलणं कमी झालं. मग त्या म्हणाल्या, "मळमळतंय."

पहिली उलटी झाली ती मी बघितली नाही, मेजरचा आवाज ऐकला. "सक्शन आण, स्ट्रेचर बोलाव." मला उद्देशूनच होतं ते, पूर्वीसारखं, आणि मी धावले. परत आले तर चादरीवर लाल पसरलं होतं आणि बाईंचा चेहरा कागदासारखा झाला होता. त्या घाबरल्या होत्या. त्या सारख्या मेजरच्या बाहीला धरत होत्या आणि मेजर तोंडाने "हो, हो, आहे मी" म्हणत दोन्ही हातांनी काम करत होत्या. स्ट्रेचर खडखडत आलं, आणि खडखडत आयसीयूकडे गेलं. त्यांच्याबरोबर मेजर धावत गेल्या.

खोलीत मावशी आणि मी उरलो. दाराजवळची खाट उघडी पडली होती. धांदलीत कुणीतरी काढून ठेवलेला बाईंचा चष्मा लॉकरवर होता.

"कुणाला नेलं, हे मला आज विचारावं लागलं नाही," मावशी म्हणाली. तिने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाली, "ती माझी जागा होती ना?"

"असं नको म्हणूस."

"मी काय म्हणते ते ऐक. तू माझ्या पोटावर हात ठेवलास. मी बघितलं, विजेसारखी आलीस. तिच्या पोटावर कोण ठेवणार होतं गं?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मी किती वेळा हसत म्हटलंय दुसऱ्यांबद्दल. दारात उभी होते तेव्हा मला सगळं कळलं होतं. मी वाट बघितली ती आमच्या पाळीची.

मावशीचं इंजेक्शन त्या संध्याकाळी दुसऱ्या सिस्टरने दिलं. तिने मनगट धरलं, टिटवी लावली, आणि मावशीने न विचारताच आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. मेजर परत वॉर्डात आल्या नाहीत. चौकशी बसली होती, जिन्याजवळचा तक्ता काढला होता आणि सगळ्या वॉर्डांतून ट्रॉल्या तपासत माणसं फिरत होती. ती आमच्या वॉर्डात पोचायच्या आधीच मी जाऊन आमचा पुठ्ठा काढून आणला आणि त्यांच्या हातात नेऊन दिला. माझ्या जोडीला ड्यूटी करणारी सिस्टर माझ्याशी बोलायची बंद झाली. होऊ दे.

बाई वाचल्या. रक्त चढवलं, पोटात दुर्बीण घालून व्रण बंद केला. आयसीयूतल्या सिस्टरने मला फोन करून सांगितलं, "डोळे उघडलेत, पण कुणाला ओळखतात का कळत नाही. चाचपडतात सारख्या." मला लगेच कळलं त्या काय चाचपडत असतील ते. माझी रजा संपली होती, मी ड्यूटीवरच होते, पांढऱ्या कपड्यांत. मी माझ्या लॉकरमध्ये सांभाळून ठेवलेला त्यांचा चष्मा घेतला, पुसला, रुमालात गुंडाळला आणि आयसीयूत गेले. जाताना काय बोलायचं ते ठरवत होते. माफी कुठल्या शब्दांत मागायची, की आधी चष्म्यावरून त्यांची थट्टा करायची, म्हणजे हसतील.

त्या उशीला टेकून पडल्या होत्या, खूप लहान दिसत होत्या. डोळे बारीक करून दाराकडे बघत होत्या. चष्म्याशिवाय त्यांना माझा चेहरा दिसला नसणार, नुसते पांढरे कपडे दिसले.

मी खाटेजवळ पोचायच्या आत बाईंनी घाईघाईने पांघरुणातून हात बाहेर काढला आणि पट्टी वर करून मनगट माझ्यापुढे धरलं. आणि त्या आपलं नाव सांगायला लागल्या, पूर्ण नाव, पुन्हा पुन्हा, वर्गात हजेरी देणाऱ्या मुलीसारखं.

माझ्या हातात टिटवी नव्हतीच. मी त्यांचा चष्मा आणला होता.